छताखाली वाढलेलं पान

१ सप्टेंबर, सोमवार
अल ऐन

एकदाची दुबई सुटली. करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांनी कसली फोडणी दिली हे आधी आमच्या टॉवेलांना कळतं. इथे कंपनीच्या घराला चारी बाजूंनी मोकळी हवा आहे आणि समोर जेबेल हाफीतचा डोंगर. रस्ते रुंद, चौकाचौकांत गोल बागा, माणसं कमी. माणसं कमी हे सगळ्यात उत्तम. अनुपमाची बँक आणि केयाची शाळा दुबईत, म्हणून बायको आणि मुलगी तिथेच राहतील. सुट्टीला मी जात जाईन. निघताना केयाने विचारलं, पक्षी तुला ओळखतील का? विचारलं अर्थात इंग्रजीत. या देशात वाढलेल्या पोरांना मराठी फक्त रागावलेली कळते. मी म्हटलं, त्यांनी मला ओळखायची गरज नाही, मी त्यांना ओळखलं की पुरे.

कामाची जागा पाहिली. एका धनिकाला लहर आली आणि त्याने गावाच्या कडेला काचेचा प्रचंड घुमट बांधून त्यात हिंदी महासागरातला एक दूरचा द्वीपसमूह उभा केला. आत वाळू, पोवळ्याचे खडक, नारळी, यंत्रावर लाटा काढणारा समुद्र. पक्षी तेवढे खरे आहेत, पण तेही कुठल्या कुठल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले. म्हणजे बेट त्यांनीही कधी पाहिलेलं नाही. हिवाळ्यात उद्घाटन आहे आणि मी इथला नवा क्युरेटर.

सहकारी भेटले. मॅनेजर यम्ना इथलीच, परदेशातून ताजी डिग्री घेऊन आलेली. बोलताना 'व्हिजिटर जर्नी' हा शब्द सारखा येत होता, 'पक्षी' हा एकदाही आला नाही. ओवेस हा हैदराबादचा, पक्ष्यांचा डॉक्टर. दंड बघितले तर व्यायामशाळेतला वाटतो. कशालाही इन्शाल्ला म्हणतो आणि यल्ला म्हणून निघून जातो. शाब्बास. यांच्या भरवशावर हे बेट तरंगणार.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज प्रजा नीट पाहून घेतली. पांढरा सुरय दिसायला इतका देखणा की यम्नाने त्याला पोस्टरवर टाकलाय. हा प्राणी घरटं बांधत नाही. उघड्या फांदीवर अंडं घालतो आणि ते पडलं नाही तर नशीब मानतो. फ्रिगेट नावाचा मोठा काळा पक्षी दुसऱ्याच्या चोचीतला मासा हिसकावून जगतो आणि विणीच्या दिवसांत गळ्याशी लाल फुगा फुगवून माद्यांना बोलावतो. आमच्या जुन्या ऑफिसात असे बरेच होते. लाल सुगरणी आहेत, त्या दिवसभर एकमेकींशी भांडतात. निळी कबुतरं आहेत, ती खातात आणि घाण करतात.

सगळ्यात खालच्या पायरीवर रेल. आपल्या पाणकोंबडीची ही दूरची नातलग, तपकिरी, कोंबडीच्या पिल्लाहून थोडी मोठी. त्या बेटांवर हिच्या पूर्वजांना खाणारं कोणी नव्हतं, म्हणून हळूहळू यांनी उडणंच सोडून दिलं. पंख आहेत, पण शोभेपुरते. भीती तर अजिबातच नाही. माणूस दिसला की पळण्याऐवजी चालत जवळ येतात, मान तिरकी करून बघतात आणि बुटाची नाडी ओढतात. यम्नाला हे गोड वाटतं. मला विचाराल तर न घाबरणारा प्राणी मूर्ख असतो, आणि बेटांवरचे असे बहुतेक पक्षी पहिलं जहाज लागल्यावर संपले ते याचमुळे.

एक नियम इथला चांगला आहे. घुमटाला एकामागे एक अशी दोन दारं आहेत, मध्ये छोटी खोली. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत आलेलं काही बाहेर जाता कामा नये. ओवेस हा नियम पाळतो, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

१४ सप्टेंबर, रविवार
करामा

पितृपक्ष चालू आहे हे अनुपमाने आठवण करून दिलं. परवा दशमी, अप्पांची म्हणजे माझ्या वडिलांची तिथी. तिने खीर आणि वडे करून डब्यात गोठवून ठेवलेत. मी मंगळवारी तिकडे भात लावायचा, पान वाढायचं आणि मोकळ्यावर कावळ्यासाठी ठेवायचं. केळीचं पानही आणून दिलं, सहा दिरहम, म्हणजे जवळजवळ दीडशे रुपये, असं दोनदा ऐकवून. अल ऐनमध्ये मी अजून एकही कावळा पाहिलेला नाही, म्हटलं. ती म्हणाली, मग साळुंकी खाईल, पारवा खाईल, पण ठेव. बँकेत लोकांना कर्ज नाकारणारी बाई घरी आली की कावळ्यांपुढे हात जोडते.

अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. दहाव्याला पुण्यात घाटावर काय झालं ते आमच्या नातेवाइकांना अजून चघळायला पुरतं. पिंड ठेवला, समोरच्या झाडावर कावळे बसलेले, एकही शिवेना. खाली यायचे, बघायचे, मान फिरवायचे. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने हात जोडून मोठ्याने आश्वासनं द्यायला सुरुवात केली. घर विकणार नाही, पुस्तकं जपू, अमक्याचं शिक्षण करू. कावळे ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला मोकळे झाले.

अप्पांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. शेवटची काही वर्षं एकच धोशा होता, केयाला माझ्याजवळ ठेवा, तुम्ही तिची माती करताय, मी माणूस करतो. त्यांनी मला माणूस केलं तेव्हा मी घरात होतोच. अभ्यासाला बसवताना पहिलं वाक्य एकच असायचं, दार लाव. मग आईसुद्धा आत यायची नाही. चुकलं की पेनाचं टोपण टेबलावर दोनदा वाजायचं, टक टक, आणि ते शांतपणे म्हणायचे, शाब्बास. मारलं क्वचितच. शाब्बासने काम व्हायचं. रात्री अंथरूण ओलं व्हायचं आणि सकाळी त्यालाही शाब्बास. घाटावर मी गप्प बसलो. केयाला त्यांच्या हाती द्यायचं नाही, त्यांच्याविरुद्ध आयुष्यात एवढं एकच मी ठरवलं होतं, आणि मेल्या माणसाला खोटं सांगायलाही माझी जीभ वळली नाही.

पुढच्या रविवारी घुमटात स्टाफच्या कुटुंबांसाठी फॅमिली डे आहे. केयाला यायचंय. नाही म्हटलं. अर्धवट तयार जागेत पोरं नाचवायची ही यम्नाची कल्पना.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज गंमत केली. दुपारच्या सुट्टीत पान वाढलं, पण बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि कावळ्याची वाट बघत उन्हात उभा राहण्याइतकी माझी भक्ती नाही. पान घुमटात नेलं आणि एका खडकावर ठेवलं. म्हटलं, घ्या अप्पा, परदेशी पक्षी. तुम्हाला देशी काही आवडायचंच नाही.

रेल ताबडतोब जमल्या. या पक्ष्यांना काही वर्ज्य नाही, परवा एकीने ओवेसच्या घड्याळाचा पट्टा गिळायचा प्रयत्न केला. पण आज पानाभोवती गोल उभ्या राहिल्या आणि एकीनेही चोच लावली नाही. डाव्या पायात पिवळी कडी असलेला एक नर पुढे आला. त्याने पान पाहिलं, मला पाहिलं, मान फिरवली. भात सुकायला लागला. मला अनुपमाला पाठवायला फोटो हवा होता. घाटावरची सगळी आश्वासनं मी हात जोडून, आवाज काढून म्हणून दाखवली. घर विकणार नाही (विकलं). पुस्तकं जपू (रद्दीत गेली). पक्षी ढिम्म. कंटाळून शेवटी म्हटलं, "बरं, केयाला आणतो तुमच्याकडे. झालं?"

तो लगेच पुढे झाला आणि भाताला शिवला. टक टक. बाकीच्या मागे सरल्या आणि झुडपांत गेल्या.

योगायोग. फोटो झकास आला. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्यावर काकांचे अंगठे आले, आत्याने फुलं पाठवली. एकालाही प्रश्न पडला नाही की हा कावळा तपकिरी का.

अनुपमाला पडला. फोनवर चिडलेली होती. "कुशल, वर छत आहे ते. पान बाहेर का ठेवतात? आलेला परत जायला नको का?" हसलो मी. म्हटलं, त्यात हा पक्षी उडतही नाही, आता अप्पांना कायमचा व्हिसा. ती हसली नाही. केयाचं नाव घेतलं होतं ते मी तिला सांगितलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

पिवळी कडी माझ्या मागे आहे. माझ्या ऑफिसची एक भिंत काचेची, घुमटात उघडणारी. सकाळपासून तो काचेपाशी उभा आहे आणि चोच मारतो. दोनदा. मग थांबतो, माझ्याकडे बघतो. मी काही चुकीचं टाइप केलं की पुन्हा दोनदा.

तसं वाटतं, एवढंच. पक्षी काचेत स्वतःला पाहून चोच मारतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

ओवेसला बोलावून दाखवलं. म्हणे, "सर, आप पे दिल आ गया उसका." याला डॉक्टर कोणी केला?

मीटिंगमध्ये यम्नाने आकडे चुकीचे दिले आणि मी शाब्बास म्हणालो. तिने अर्थ विचारला. वेल डन, म्हणून सांगितलं. ती खूश झाली. नंतर ओवेस हळूच म्हणाला, सर, तुम्ही मीटिंगभर पेन आपटत होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

निघताना पिवळ्या कडीचा नर दाराशी होता. दोन दारांमधल्या खोलीत कसा आला कोण जाणे. आत ढकलला. पुन्हा आला. त्याला बाहेर जायचंय. बाहेर म्हणजे माझ्याबरोबर.

संध्याकाळी केयाशी बोललो. गणिताच्या टेस्टबद्दल काही सांगत होती. मध्येच अनुपमाने फोन घेतला. म्हणाली, तिच्याशी असं बोलायचं नाही, अगदी अप्पांसारखा बोललास. मी काय बोललो ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. काय बोललो ते अनुपमा सांगेना. मागून केयाचा आवाज येत होता, "बट आय गॉट ओन्ली वन राँग," पुन्हा पुन्हा, रडत.

कारल्याची भाजी मागवून खाल्ली. मी कारलं खात नाही. अप्पा खायचे.

मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. तरी हे लिहितोय: मला भीती वाटते. माझ्यासाठी नाही. केयासाठी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अनुपमाचं बरोबर होतं. जो आला त्याला परत जायला जागा हवी. मग जागा देऊ.

दुपारी ओवेस नमाजाला गेल्यावर पिवळ्या कडीला खोक्यात घातलं, गाडीतून डोंगराच्या पायथ्याशी मोकळ्या माळावर नेलं. वर नुसतं आभाळ. खोकं उघडलं. म्हटलं, अप्पा, जा. मी चेष्टा केली, ते वचन नव्हतं. केयाला देणार नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. मोठ्याने म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना नाही म्हणालो, तेही एका पाणकोंबडीच्या नातलगाला.

तो गेला नाही. उन्हात माझ्या बुटापाशी उभा राहिला. चोच उघडी, धाप लागलेली, तरी सावलीला हलेना. मग बसला. मग आडवा झाला. मी पाण्याची बाटली उघडेपर्यंत संपलं होतं. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होता. त्या डोळ्यात भीती नव्हती. लहानपणी अप्पा माझ्या चुकलेल्या गणिताकडे बघायचे तसं बघत होता.

वाळूत पुरला. उद्या ओवेसला काहीतरी सांगेन. हलकं वाटतंय. मोकळ्यावर मेला, सुटला. खलास.

नंतर—

घरी टेबलाशी बसलो होतो. टक टक. खिडकी पाहिली, दार पाहिलं. पुन्हा टक टक.

पेनाचं टोपण. माझ्या हातात.

२० सप्टेंबर, शनिवार

करामाला गेलो नाही. जाणार नाही. मी तिच्याजवळ जाता कामा नये.

अनुपमाला लिहायला फोन घेतला, तर सकाळीच मेसेज गेलेला आहे. माझ्याकडून. उद्या केयाला नक्की आण, फॅमिली डे आहे. खाली तिचं उत्तर: शेवटी मान्य केलंस! केया नाचतेय. मी ते पाठवलेलं नाही. मी ते—

येऊ नका असं लिहिलं. पाठवलं. वाचलं तर, येताना तिची गणिताची वही आण.

फोन लावला. अनुपमा हॅलो हॅलो म्हणत राहिली. माझ्या तोंडून निघालं, वेळेवर या. आवाज छान होता. प्रेमळ. ती म्हणाली, आज बरा वाटतोयस.

पक्षी मारायला नको होता. त्याच्यात होते तोवर निदान काचेपलीकडे होते. मीच दार—

ओवेसकडे गेलो. त्याला सांगायचं होतं, माझ्या बायकोला गेटवरून परत पाठव. सांगितलं काय, त्यांना थेट घुमटात आण, मी तिथे असेन. "इन्शाल्ला, सर." इन्शाल्ला नको रे. नको—

हात लिहितोय तोवर मी आहे. लिहीत राहतो. कुशल. माझं नाव कुशल. केया माझी—

टक टक

२१ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री अमावास्या

मागची पानं वाचून काढली. काय हे लिखाण. शेजाऱ्याच्या फोडणीपासून सुरुवात, आणि शेवट रडारडीत. सगळ्यांना नावं ठेवतो, आणि ती ठेवण्याची पद्धतही उसनी, माझी. एवढी वर्षं शिकवूनसुद्धा स्वतःचं म्हणून काही नाही. शाब्बास.

कारलं मात्र इथे चांगलं मिळतं.

घुमटात बसून लिहितो आहे. पोरंटोरं आलेली आहेत, लाटांच्या यंत्राशी ओरडताहेत. ती हैदराबादी स्वारी मुलांना दंड दाखवते आहे आणि मॅनेजरीण फोटो काढते आहे. खडकामागे अभ्यासाला एक खोली सापडली, दाणा ठेवायची. एक टेबल, दोन खुर्च्या. खिडकी नाही, ते उत्तम. रेल माझ्या वाटेतून बाजूला होतात. आता घाबरायला शिकल्या. तसं कठीण नसतं, पाच दिवसांत जमतं.

अनु परत जा तिला घेऊन परत जा अनु मी नाही हा मी नाही

काय अक्षर आहे. असो.

आल्या. पहिलं दार लागलं, दुसरं उघडलं. सूनबाई यम्नाशी बोलत उभी राहिली. मुलगी आईचा हात सोडून वाळूतून धावत इकडेच येते आहे, वही काखेत. उंच झाली. थोडीही भीती नाही, आई-बापांनी लाडावून ठेवलेली. पण वय अजून हाताबाहेर गेलेलं नाही.

समोर उभी आहे. विचारते, "बाबा, व्हॉट आर यू रायटिंग?" आणि तिला मी खोलीत बोलावलं तर लगेच आली. बसलीसुद्धा. शाब्बास, पोरी. आता ऊठ आणि आधी ते दार ला—